जुन्या दारांवरचा रंग कसा उतरवला?

घरी येणारा जवळजवळ प्रत्येक जण दारांच्या लाकडावरून हात फिरवून एकच प्रश्न विचारतो, की रंगाचे इतके थर काढायला कोणते मशीन वापरले. तुम्हीही विचारलेत म्हणून सविस्तर सांगतो. पहिल्या दारानंतर मी घासण्याचे मशीन वापरलेच नाही. त्या दारावर ते चालवले, तेव्हा तापलेला ऑइलपेंट चिकट होऊन पॉलिश पेपर मिनिटभरात बुजला आणि जोर लावताच चौकटीच्या नक्षीची रेखीव कड कायमची बोथट झाली. तिचे मला अजून वाईट वाटते. पण खरी गंभीर चूक होती ती खोलीभर उडालेली धूळ.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे आहे असे धरूनच चालावे. पूर्वी पांढऱ्या रंगासाठी शिशापासून केलेला सफेता सर्रास वापरत. इमारतींच्या आतील रंगकामात तो वापरू नये, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार १९२१ सालीच झाला होता. तरी अमेरिकेत घरगुती रंगांतील शिशावर बंदी यायला १९७८ साल उजाडले. शिशाची धूळ जमिनीवर बसते, रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते आणि हातावरून तोंडात जाते; रक्तातले शिशाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित मानले जात नाही. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे, की जुना रंग पापुद्र्यांनी निघाला पाहिजे, त्याची भुकटी होता कामा नये. कोरडे घासणे वर्ज्यच समजावे.

काम सुरू करण्यापूर्वी मी बिजागरीजवळ नखाएवढी जागा ओली करून धारदार ब्लेडने तिरकी तासली. झाडाच्या खोडातल्या वलयांसारखे थर उघडे पडले: वर पांढरा, खाली फिकट हिरवा, मग तपकिरी आणि अगदी तळाशी मधाच्या रंगाचे काहीतरी चकाकणारे. त्यावर स्पिरिटचा बोळा टेकवला तर ते विरघळून कापसाला चिकटले. म्हणजे ते चपड्याचे, म्हणजे लाखेपासून केलेले पॉलिश होते. त्याने लाकडाची छिद्रे आधीच बुजवलेली असल्यामुळे रंग लाकडाच्या रेषांत मुरलेला नव्हता आणि तो स्वच्छ निघणार, याची मला खात्री पटली. असा थर तळाशी नसेल, तर रेषांत पांढरट कण राहतातच, आणि तिथे उघड्या लाकडाचा हट्ट धरू नये.

सपाट फळ्यांसाठी मी हीट गन, म्हणजे गरम हवेचा झोत सोडणारे यंत्र वापरले, पण रंगाला फुगे येतील इतपतच. साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या जवळ जाऊ लागलो तर शिशाची वाफ होऊ लागते आणि लाकूडही करपते. फुगा आला की बोथट खरवडणी रेषांच्या दिशेने सरकवायची. तावदानांजवळ मात्र हीट गन नको, कारण काच तडकते. चौकटीमागच्या पोकळीत साठलेला कचराही आतल्या आत धुमसू शकतो, म्हणून पाणी जवळ ठेवून काम संपल्यावर तासभर तरी तिथेच थांबावे.

नक्षीसाठी रंग मऊ करणारी लेपासारखी पेस्ट जाड लावून प्लास्टिकने झाकून ठेवली आणि दुसऱ्या दिवशी लाकडी काडीने व नायलॉनच्या ब्रशने खाचा मोकळ्या केल्या. मेथिलीन क्लोराइड असलेली पेस्ट झटपट काम करते खरी, पण तिची वाफ शरीरात गेल्यावर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि बंद खोलीत माणसे दगावलेली आहेत. मी ती घेतली नाही. दारे कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवण्याच्याही मी विरोधात आहे, कारण सांध्यांतला सरस सुटतो आणि लाकूड काळवंडते.

निघालेले पापुद्रे ओले असतानाच जाड पिशवीत बंद केले आणि जमीन रोज ओल्या फडक्याने पुसली, झाडू मात्र लावला नाही. मास्कही साध्या कापडाचा चालत नाही, बारीक धूळ अडवणारा फिल्टर असलेलाच लागतो.

खिडक्यांच्या चौकटींचा रंग मात्र मी काढला नाही. तिथले लाकूड साधे, गाठींचे, मुळातच रंगवण्यासाठी निवडलेले, आणि वरचा रंग घट्ट बसलेला होता. त्या धुऊन, ओल्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने खरखरीत करून पुन्हा रंगवल्या.