मधलं पुस्तक

आज बऱ्याच महिन्यांनी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात गेले. एका लेखासाठी जुना संदर्भ हवा होता आणि पुस्तकाचं धड नावही मला सांगता येईना. फक्त विषय आणि साधारण काळ. काउंटरवरच्या ताईंनी क्षणभर विचार केला, आत गेल्या आणि तीन पुस्तकं घेऊन आल्या. मधलं होतं तेच!

पानं पिवळी पडलेली, कडा हात लावताच तुटतील अशा. पण बांधणी नवी होती, कुणीतरी मनापासून केलेली. शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के, काही इतके फिकट की वाचताच येत नाहीत. मी बराच वेळ तीच बघत बसले. किती जणांनी हे पुस्तक घरी नेलं असेल!

वि. ल. भावे यांनी १८९३ मध्ये ही संस्था उभी केली, तेव्हा ते जेमतेम एकवीस वर्षांचे होते. पुढे मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे तेच भावे. आधी पुस्तकं जमवली, मग इतिहास लिहिला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

सत्कार, शाली सगळं ठीक आहे हो. पण लिहिणाऱ्याला खरा आधार असतो तो अशा ताईंचा. आणि अनुदानावर चालणाऱ्या ग्रंथालयांत त्यांच्यासारख्यांचे पगार किती तुटपुंजे असतात, याचं मनापासून वाईट वाटतं.

निघताना वर्गणी भरली. उद्या सकाळी पुन्हा जाणार आहे, टिपणं अर्धी राहिलीत.