कूलर बदलला आणि डिस्प्ले गेला

२२ जुलै, मालवण

सकाळपासून पाऊस धरून आहे. टेबलावर कॉम्प्युटरचा बोर्ड, एएमडीच्या प्रोसेसरसाठीच्या एएम४ सॉकेटचा. प्रोसेसर थंड ठेवणारा नवा कूलर लावल्यापासून पंखे फिरतात, पण स्क्रीन काळीच. अशा वेळी ‘प्रोसेसर जळला’ हे वाक्य फार लवकर तोंडातून निघतं, आणि त्यापायी चांगला प्रोसेसर उगाच बदलला जातो. कूलर बदलताना हात कुठेकुठे लागला, ते आधी बघावं.

सर्वात आधी ८ पिनांची वायर. बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात असते. कूलरला जागा करताना काढतात आणि लावायची राहते. २४ पिनांची मोठी वायर लागलेली असली की पंखे फिरतात, दिवे लागतात, पण प्रोसेसरला करंटच मिळत नाही. मग कूलरच्या पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ लिहिलेल्या जागीच आहे ना? दुसरीकडे लागली तर बोर्डाला फेरे दिसत नाहीत आणि पुष्कळ बोर्ड एरर दाखवून तिथेच थांबतात.

इथे दोन्ही नीट होतं. बोर्डावरच्या चार बारीक दिव्यांपैकी डीरॅमचा, म्हणजे रॅमचा, लागून राहिला होता, म्हणून रॅम काढली. तिच्या सोनेरी पट्ट्यांवर स्लॉटचे दात टेकतात तिथे बारीक चकचकीत रेघा, बाकी भाग मळकट. खाऱ्या हवेत असंच होतं. दात घट्ट टेकलेली जागा तेवढी स्वच्छ राहते. मोठा कूलर बसवताना रॅम केसभर हलली की दात मळावर येतात आणि वर्षानुवर्षं चाललेलं मशीन बंद पडतं. पांढरा खोडरबर हलक्या हाताने फिरवायचा, चुरा झटकायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्यायचं. मग एकच रॅम, प्रोसेसरकडून दुसऱ्या स्लॉटमध्ये, ‘टक्’ आवाज येईपर्यंत.

सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, दिवा लागला असता तर कूलर उतरवावा लागला असता. एएम४ मध्ये सॉकेटच्या बाजूचा खटका प्रोसेसरच्या फक्त पिनांना धरतो. प्रोसेसर आणि कूलरमधली जुनी थर्मल पेस्ट वाळून चिकटलेली असली आणि कूलर सरळ वर ओढला, तर खटका बंद असतानाही प्रोसेसर त्याच्यासोबत उपटून येतो. १३३१ पिना, त्यातली एक वाकली तरी पुरे. म्हणून जुना कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट गरम करावी, मग बंद करून कूलर डावी-उजवीकडे पिळत सोडवावा. वाकलेली पिन शिसं काढलेल्या ०.५ मिमीच्या मेकॅनिकल पेन्सिलच्या टोकात घेऊन अगदी सावकाश सरळ करावी. बसवताना प्रोसेसर आणि सॉकेटवरची त्रिकोणाची खूण जुळवायची. खटका वर असताना प्रोसेसर स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे, दाबायचं अजिबात नाही.

इंटेलच्या बोर्डांत पिना सॉकेटमध्येच असतात. तिथे कूलरचा एकाच बाजूचा स्क्रू आवळला की दाब वाकडा पडतो आणि कधीकधी एका चॅनलची, म्हणजे काही स्लॉटांतली, रॅम दिसेनाशी होते. समोरासमोरचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा देत आवळावेत.

मशीन चालू होऊन थोड्या वेळात बंद पडत असेल, तर कूलरच्या तळाची प्लास्टिक फिल्म बघावी. ती तशीच राहिलेली असू शकते.

दुपारी तीनला डीरॅमचा दिवा विझला आणि स्क्रीनवर बायॉस, म्हणजे बोर्डाची सेटिंगची स्क्रीन, दिसला. दुसरी रॅम अजून पुसायची आहे.