मधल्या दोन गोलांविषयी

१९ डिसेंबर २०२२

फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना अर्जेंटिनाने जिंकल्याचा आनंद कालपासून मनात आहे, पण त्याच्या शेजारीच दुसरे काहीतरी ठाण मांडून बसले आहे. ते नेमके काय आहे हे उमजत नाही, म्हणून लिहायला घेतले.

सामना मी ताईच्या खात्यावरून पाहत होते. कतारमधल्या लुसैलच्या मैदानावर ऐंशीवे मिनिट चालू होते. मेस्सीची पेनल्टी आणि डी मारियाचा तो देखणा गोल यांमुळे अर्जेंटिना २–० अशी पुढे होती आणि फ्रान्सचा खेळ तोवर रंगलाच नव्हता. अर्जेंटिनाच्या ओटामेंडीने फ्रान्सच्या कोलो मुआनीला पाडले, पंचांनी पेनल्टी दिली, फ्रान्सच्या एम्बाप्पेने चेंडू ठेवला, आणि मैदानाच्या जागी पडद्यावर एक वाक्य आले: या खात्यावरून मर्यादेपेक्षा अधिक उपकरणांवर पाहता येणार नाही. खाली ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे बटण होते. ते दाबले की एक गोल चक्र थोडा वेळ फिरायचे आणि पुन्हा तेच वाक्य समोर यायचे. चित्र परतले तेव्हा कोपऱ्यात २–२ असा आकडा होता. एम्बाप्पेचे ते दोन गोल ९७ सेकंदांच्या अंतराने झाले, हे नंतर वाचले.

फोन हातातच होता. ताईला एक फोन केला असता तर काम झाले असते, पण तिचा चिन्मय त्याच्या खोलीत त्याचे काहीतरी बघत असणार हे उघड होते, आणि घरच्या मुलाला त्याच्याच पडद्यासमोरून उठवून तिथे मी बसायचे, हे काही केल्या मला तोंडाने म्हणवेना. आज सकाळी ताईला सहज बोलता बोलता हे कळले. ती म्हणाली, “अगं, सांगायचं तरी! एका मिनिटात बंद करायला लावलं असतं.” तिने ते मनापासून म्हटले होते, आणि तरीही दिवसभर मला तेच टोचत राहिले आहे.

केबल बंद केली याचे मला वाईट वाटत नाही. शेकडो वाहिन्यांचे पैसे भरायचे आणि त्यांतल्या चार-पाच पाहायच्या, हे पटण्यासारखे नव्हतेच. पण केबल होती तेव्हा सामना पाहायला मला कोणालाही काही सांगावे लागत नव्हते. मध्यरात्री उठून ऑस्ट्रेलियन ओपन लावली, पहाटे दुसऱ्या टोकावरच्या देशातला कसोटी सामना लावला, तरी त्याचा कोणाला पत्ता नसे. आता प्रत्येक मोठ्या स्पर्धेच्या आधी हिशेब मांडावा लागतो: ही स्पर्धा कोणत्या सेवेकडे आहे, ती कोणाकडे आहे, त्यांच्याकडे एका वेळी किती पडदे चालतात, आणि त्या वेळी त्यांच्या घरात कोण काय पाहत असेल. हा हिशेब मनातल्या मनात मांडताना मी हळूहळू पाहुणी होत गेले आणि काल पेनल्टीच्या क्षणी ते मला पहिल्यांदा जाणवले.

अर्थात केबल होती तेव्हाही तो सामना काही माझ्या मालकीचा नव्हता. महिन्याचे पैसे थकले की ती वाहिनीही गप्प होत असे. तेव्हाही परवानगीच होती, फक्त ती विकत घेतलेली होती आणि विकत घेतलेल्या गोष्टीबद्दल कोणाचे उपकार वाटत नाहीत. मग मला हवे आहे ते काय? पैसे भरल्याचे समाधान, की न भरताही कोणी मला मध्येच उठवू नये याची खात्री? या दोहोंतले दुसरे असावे, असे लिहिता लिहिता वाटते आहे.

ही मागणी अवाजवी नाही, कारण ती काही देशांनी कायद्यात लिहून ठेवली आहे. ब्रिटनमध्ये १९९६च्या प्रसारण कायद्यानुसार काही स्पर्धांची यादी केलेली आहे. ऑलिंपिक, फुटबॉलचा विश्वचषक, विम्बल्डनचे अंतिम सामने अशा स्पर्धांचे थेट प्रक्षेपण ९५ टक्के लोकसंख्येपर्यंत विनामूल्य पोहोचणाऱ्या वाहिन्यांना मिळण्याची सोय असली पाहिजे, असा त्याचा आशय आहे. युरोपीय संघाच्या सदस्य देशांना अशी यादी करण्याची मुभा आहे आणि ऑस्ट्रेलियातही तशी यादी आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली, तेही क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात, प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे म्हटले. पुढे २००७च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला देणे हक्कधारकांवर बंधनकारक झाले. हे सामायिक प्रक्षेपण प्रसार भारतीच्या स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि विनामूल्य डिशवरूनच दाखवावे, केबलवरून नव्हे, असा निकाल २०१७ साली लागला. म्हणजे ज्याच्याकडे केबल नाही, नेमका त्याचाच विचार तिथे कोणीतरी केला होता. हे वाचून मला फार बरे वाटले, अगदी माझी बाजू कोणीतरी मांडली असावी तसे.

पण याला दुसरीही एक बाजू आहे. २००५च्या ॲशेस या इंग्लंड-ऑस्ट्रेलिया कसोटी मालिकेनंतर इंग्लंडमधले कसोटी सामने सशुल्क वाहिनीकडे गेले. १४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर इंग्लंड क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना खेळणार होते, तेव्हा त्या वाहिनीने तो सामना चॅनल फोर या विनामूल्य वाहिनीवरही दाखवू दिला. सामना बरोबरीत सुटला, सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली, आणि ज्यांनी सशुल्क वाहिनीला एक पैसाही भरला नव्हता त्यांनी ते सगळे घडत असताना पाहिले. त्या दिवशी पाहणाऱ्यांचा आनंद कायद्याने मिळालेल्या सामन्यापेक्षा कमी होता का? नसणार. कोणीतरी दार उघडले आणि लोक आत आले, एवढेच. तरीही मला वाटते की उघडलेल्या दाराने आत येणे आणि स्वतःच्या घरात असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पाहताना तो फरक कळत नाही, दार मध्येच लोटले गेले की कळतो.

पाहायचे राहिलेले ते दोन गोल मी आज इतक्या बाजूंनी पाहिले की ते आता पाठ झाले आहेत. पेनल्टीवर अर्जेंटिनाचा गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझ योग्य दिशेला झेपावला होता आणि त्याचा हात चेंडूला लागलाही होता. दुसऱ्या गोलाच्या आधी फ्रान्सच्या कोमानने चेंडू हिरावला तो खुद्द मेस्सीकडून. मग एम्बाप्पेने तो थुरामकडे दिला, थुरामने परत त्याच्याकडे उचलला, आणि चेंडू जमिनीवर पडायच्या आत एम्बाप्पेने अंग झोकून फटका मारला. सगळे स्पष्ट दिसते, अगदी थेट प्रक्षेपणापेक्षाही स्पष्ट. परंतु गोल पुन्हा पाहता येतो, त्याच्या आधीची धाकधूक पुन्हा मिळत नाही. काल जगभर ज्यांनी तो क्षण जगला त्यांच्यात मी नव्हते, हे आता बदलणार नाही, आणि याच एका गोष्टीपाशी मी पुन्हा पुन्हा येते आहे.

एवढे लिहून झाल्यावर मात्र जादा वेळ आठवला. १०८व्या मिनिटाला मेस्सीने गोल केला तेव्हा मी उठून उभी राहिले होते. एम्बाप्पेने पुन्हा पेनल्टीवर बरोबरी साधली आणि पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात १९६६ नंतर पहिल्यांदाच कोणाची हॅटट्रिक झाली. अगदी शेवटच्या क्षणी कोलो मुआनी एकटाच गोलरक्षकासमोर आला आणि मार्टिनेझने डावा पाय लांबवून तो फटका अडवला, तेव्हा माझा श्वास खरोखरच थांबला होता. पुढे पेनल्टी शूटआउट ४–२ असे संपले. ही सारी धाकधूक मला घडत असताना मिळाली आणि ती ताईच्याच खात्यावर मिळाली. चिन्मयने त्याचे पाहणे संपवले म्हणून मिळाली असेल, पण मिळाली. त्याबद्दल मी सकाळी ताईला काहीच म्हटले नाही. संध्याकाळी फोन करून सांगितले, आणि मग आम्ही मार्टिनेझच्या त्या पायाविषयी खूप वेळ बोललो.

महिलांचा फुटबॉल विश्वचषक येत्या २० जुलैला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये सुरू होतो आहे. पहिल्यांदाच ३२ संघ असतील. विनामूल्य वाहिनीवर जे सामने लागतील ते छतावरच्या अँटेनावर पाहायचे ठरवले आहे. आंतरजालावरचे प्रक्षेपण लहान लहान तुकड्यांत येते, काही तुकडे साठल्यावरच चित्र सुरू होते आणि त्यामुळे ते बरेच सेकंद मागे असते, अँटेनावर तेवढा उशीर होत नाही, हाही एक लाभ. बाद फेरीचे सामने तिथे नसतील तर त्या महिन्यापुरती माझ्या नावाने वर्गणी भरीन आणि स्पर्धा संपली की बंद करीन. त्या खात्यावर दोन पडदे चालत असतील तर दुसरा चिन्मयला देईन, असे ताईला सांगून ठेवले आहे.