सगळ्यांचे डोळे ऑस्टिनकडे

अमेरिकन फुटबॉलमधला एक पंट, म्हणजे चेंडू लाथेने दूर उडवून प्रतिस्पर्ध्याकडे सोपवण्याची किक, मी आजवर कितीदा मागेपुढे करून पाहिला असेल, याची मोजदाद मी ठेवलेली नाही. 19 ऑक्टोबर 2014 रोजी सेंट लुइस रॅम्स आणि तेव्हाचे सुपर बोल (मोसमाचा अंतिम सामना) विजेते सिॲटल सीहॉक्स यांच्यातल्या सामन्यात तो मारला गेला. सीहॉक्सच्या जॉन रायनने चेंडू लाथेने उंच उडवून रॅम्सच्या हद्दीत खोलवर पाठवला. रॅम्सचा टॅव्हन ऑस्टिन मान वर करून, चेंडू आपल्याच हातात पडणार असल्यासारखा एका बाजूला सरकला, त्याचे सहकारी त्याला वाट करून देण्यासाठी त्याच बाजूला गोळा झाले आणि सीहॉक्सचे झाडून सगळे खेळाडू त्याच्यावर धावून गेले. चेंडू मात्र मैदानाच्या दुसऱ्या कडेला उतरत होता. तिकडे स्टेडमन बेली एकटाच पाठमोरा धावत होता. त्याने खांद्यावरून येणारा चेंडू झेलला, वळला आणि 90 यार्ड पळत जाऊन टचडाउन केला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन गुण मिळवले.

हा डाव स्पेशल टीम्सचे (पंटसारख्या लाथेच्या डावांसाठीच्या तुकड्यांचे) प्रशिक्षक जॉन फासेल यांनी बसवला होता. त्यामागचे निरीक्षण मला अतिशय मोलाचे वाटते. पंट साधारण चार-साडेचार सेकंद हवेत असतो, आणि त्या काळात खाली धावत सुटलेल्या खेळाडूला वर पाहायला सवड नसते, कारण कोणीतरी त्याला सतत ढकलत, अडवत असते. म्हणून तो चेंडू शोधत नाही, चेंडू झेलणाऱ्याकडे पाहतो. झेलणारा जिथे उभा, तिथे चेंडू येणार, हे गृहीत धरतो. ही सवय चुकीची नाही, उलट प्रशिक्षकांनी घोटून घेतलेली आणि जवळजवळ प्रत्येक वेळी बरोबर ठरणारी आहे. उत्तम चकव्याची रचना प्रतिस्पर्ध्याच्या निष्काळजीपणावर बेतलेली नसते, तर त्याच्या अशा बरोबर सवयीवर बेतलेली असते, असे माझे ठाम मत या एका पंटमुळे झाले.

याला आणखी एक पुरावा आहे. हाच डाव शिकागो बेअर्सने डेव्ह टाउब यांच्या मार्गदर्शनाखाली 2011 मध्ये ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध खेळला होता. तेव्हा डेव्हिन हेस्टरने हूल दिली, जॉनी नॉक्स 89 यार्ड धावला आणि एका सहकाऱ्याने प्रतिस्पर्ध्याला धरल्याच्या दंडामुळे तो टचडाउन रद्द झाला. म्हणजे डाव तीन वर्षे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता, तरीही तो पुन्हा लागू पडला. माहीत असूनही सवय सोडता येत नव्हती, कारण ती सोडली तर उरलेल्या सगळ्या पंटांना किंमत मोजावी लागली असती.

त्याच सामन्यात रॅम्सने शेवटी आणखी एक धाडस केले. रॅम्स 28-26 असे पुढे होते, तीन मिनिटांहून थोडा कमी वेळ उरला होता, चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न होता, चेंडू आपल्याकडे राखायला तीन यार्ड हवे होते आणि चेंडू त्यांच्याच 18 यार्डांच्या रेषेवर होता. तिथून पंट मारणार हे कोणीही सांगितले असते. पंटर जॉनी हेकरने लाथ मारण्याऐवजी चेंडू बेनी कनिंगहॅमकडे फेकला, 18 यार्ड मिळाले आणि सामना तिथेच हातात आला. हेकर शाळेत क्वार्टरबॅक, म्हणजे संघासाठी पास फेकणारा खेळाडू, होता, हे इथे आवर्जून सांगायला हवे. अशा फेक पंटच्या, म्हणजे पंटची नुसती हूल देण्याच्या, रचनेत एक बारीक नियमही आड येतो: पंटच्या मांडणीत सगळ्यात कडेला उभ्या असलेल्या खेळाडूला प्रतिस्पर्ध्याने अडवले, तरी पास अडवल्याचा दंड होत नाही. त्यामुळे कडेच्या खेळाडूकडे लांब फेक करण्याचा मोह कितीही झाला, तरी कागदावर छान दिसणारा तो बाण मैदानावर बहुधा कुचकामी ठरतो.

इंडियानापोलिस कोल्ट्सचा 18 ऑक्टोबर 2015 चा डाव मला म्हणूनच रचनेतला दोष वाटतो. न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध पंटच्या वेळी त्यांचे बहुतेक खेळाडू अचानक उजवीकडे निघून गेले आणि चेंडूपाशी ग्रिफ व्हेलन आणि त्याच्यामागे कोल्ट अँडरसन एवढे दोघेच राहिले. प्रतिस्पर्धी गोंधळून चूक करील, एवढीच अपेक्षा त्यामागे होती. पेट्रियट्स गोंधळले नाहीत, तर चेंडू मागे देऊन डाव सुरू करायचाच नाही, असे ठरले होते. सरावात ती जागा सांभाळणारा खेळाडू जखमी झाला होता आणि ऐनवेळी तिथे आलेल्या व्हेलनने चेंडू मागे दिला. अँडरसनला तिथल्या तिथे पाडण्यात आले. व्हेलनला दोष देणे मला पटत नाही. दुसऱ्याच्या घाबरण्यावर उभा केलेला डाव, समोरचा घाबरला नाही की कोसळणारच.

याच्या उलट न्यू ऑर्लिन्स सेंट्सचा 7 फेब्रुवारी 2010 च्या सुपर बोलमधला डाव. 10-6 असे मागे असताना त्यांनी दुसऱ्या अर्धाची सुरुवातच ऑनसाइड किकने, म्हणजे चेंडू दूर न मारता तो स्वतःच परत मिळवण्यासाठी मारलेल्या आखूड किकने केली. किक बसताच ती घेणाऱ्या संघाच्या पुढच्या रांगेतले खेळाडू पाठ फिरवून आपल्या धावपटूसाठी अडवणूक करायला मागे पळतात, ही पुन्हा बरोबरच सवय. नवख्या थॉमस मोर्स्टेडने तिरकी किक मारली, चेंडू प्रतिस्पर्धी कोल्ट्सच्या हँक बास्केटच्या अंगावर आपटून निसटला आणि खेळाडूंच्या ढिगाऱ्याखाली सेंट्सच्या क्रिस रीसने तो घट्ट धरून ठेवला. सेंट्सने सामना 31-17 असा जिंकला.

तो डाव आता त्याच रूपात खेळता येणार नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. किकऑफचे, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या किकचे, नियम 2024 मध्ये बदलल्यापासून ऑनसाइड किक आधी जाहीर करूनच मारता येते. खेळाडूंच्या दुखापती कमी व्हाव्यात म्हणून किकऑफ बदलला, आणि तो हेतू मला मान्य आहे. पण जाहीर केलेल्या किकसमोर कोणी पाठ फिरवून पळणार नाही. पंटच्या वेळी मात्र अजून कोणालाही काही जाहीर करावे लागत नाही.