पाडळीचा ळ

नाशिकहून मुंबईला येताना गाडी पाडळीला थांबली. कारण काही नव्हतं; म्हणजे रेल्वेकडे असेल, आम्हाला कोणी सांगितलं नाही. दुपारचे अडीच. निम्मा डबा पेंगलेला, उरलेला मोबाइलमध्ये. माझ्या खिडकीसमोर नेमका स्टेशनचा पिवळा बोर्ड, आणि त्याच्यापुढे स्टुलावर उभा एक पेंटर.

पुसट झालेली अक्षरं तो गिरवत होता. वरच्या ओळीत 'पाड' झालं होतं. त्याने ब्रश डब्याच्या काठावर दोनदा निपटला, करंगळी बोर्डाला टेकवली आणि ळ काढला. डावीकडचं वाटोळं, तिथूनच वळून उजवीकडचं, हात न उचलता. दांडीला टांगलेला आडवा आठ. मग वेलांटी दिली, वाकला आणि खालच्या ओळीत हिंदीसाठी तेच नाव पुन्हा लिहायला लागला. पाडली.

आमच्या लहानपणी या ळ ला भाव होता. मे महिन्यात आम्ही कल्याणहून आत्याकडे जळगावला जायचो. खिडकी एक आणि आम्ही भावंडं दोन, म्हणून बाबांनी खेळ काढला होता. जो बोर्डावरचा ळ आधी ओरडेल, खिडकी त्याची, पुढचा ळ येईपर्यंत. अट एकच: गाडी पळती हवी. थांबल्या गाडीतून काय, कोणीही वाचेल. त्यामुळे जळगाव, चाळीसगाव ही मोठी धेंडं बाद. टिटवाळा मात्र हक्काचा. कल्याण सोडलं की दोघं तोंड उघडूनच बसायचो. त्यानंतर थेट घाट ओलांडेपर्यंत काही नाही.

कसाऱ्याला घाट चढायला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागायची. ३७ फुटांना १ फूट चढ, १८६५ साली ही लाइन सुरू झाली, हे बाबा दरवर्षी सांगायचे आणि आम्ही दरवर्षी नवीन असल्यासारखं ऐकायचो. इगतपुरीला इंजिन बदलायचं, कारण तेव्हा तिथवर तारांत डीसी वीज होती आणि पुढे एसी. तेवढ्यात बाबा फिरकीचा तांब्या घेऊन पाण्याला उतरायचे, आणि ते परत येईपर्यंत आई कोणाशी बोलायची नाही. बाबा डब्यात चढले, आईने तांब्याची फिरकी स्वतः आवळून बघितली, की प्रवास पुन्हा सुरू. मग घोटी गेलं की पाडळी. गाडी इथे कधी थांबायची नाही, बोर्ड सपकन मागे जायचा. पाडळीचा ळ मारणं म्हणजे खरी कमाई.

खालच्या ओळीत ळ चा ल का होतो, हे मी एकदा विचारलं. तेव्हा बाबा चक्क चिडले होते. ऋग्वेदाच्या पहिल्याच ऋचेत 'अग्निमीळे' आहे, म्हणाले, आणि यांना एक ळ झेपत नाही! समोरच्या बाकावर भुसावळला उतरणारे एक हिंदीभाषक गृहस्थ होते. त्यांनी आईने दिलेली दशमी निमूटपणे खाल्ली.

तेव्हापासून मला ही खोड लागली. कुठेही गेलं तरी आधी बोर्डाच्या दोन्ही ओळी वाचायच्या. नेरळ, नेरल. लोणावळा, लोणावला. वरचं गाव आपलं आणि खालचं परक्याचं, असा एक उगाचचा ताठाही आला. तो जळगावातच उतरला, हे आठवलं की अजून हसू येतं. आत्याच्या शेजारच्या काकूंनी आम्हाला पाहिलं आणि विचारलं, "कवा आले जयगावले?" ळ नाही, ल नाही, सरळ य! वर हातात केळं ठेवून म्हणाल्या, "केयं घे." ज्यांचं गाव, ज्यांची केळी, त्यांना बोर्डाच्या दोन्ही ओळींशी देणंघेणं नव्हतं. मी बाबांकडे पाहिलं. बाबा केळं सोलत होते.

पेंटरला मी खिडकीतून विचारलं, "काका, खालीपण ळ च काढला तर?"

त्याने मागे न बघता खिशातून घडी केलेला कागद काढून दाखवला. "कागदावर आहे तसं काढायचं." मग जरा थांबून म्हणाला, "ळ ला टाइम लागतो तसाही."

तिसऱ्या, इंग्रजी ओळीत तर दोघांनाही एकच एल. त्याच्या खाली बारीक अक्षरात समुद्रसपाटीपासूनची उंची असते, ती त्याने अजून घेतली नव्हती. तेवढ्यात गाडीला झटका बसला आणि बोर्ड हळूहळू मागे सरकायला लागला.

मी भावाला फोन लावला. तो ऑफिसात होता, आवाज दबका.

"पाडळी," मी म्हटलं. "ळ. मी आधी पाहिला."

"गाडी थांबलीय का?"

"आत्ताच सुटली."

"मग बाद," म्हणाला आणि फोन ठेवला.