रिपोर्टवर बाण नाही म्हणून निश्चिंत होऊ नका

मधुमेहाचा रिपोर्ट हातात आला की नजर आधी उपाशीपोटीच्या शुगरवर जाते. ती 110-120 दिसली की कागदाची घडी होऊन तो फाइलीत जातो. पण तो आकडा फक्त त्या सकाळचा. मागच्या दोन-तीन महिन्यांचा अंदाज एचबीए1सी ही रक्ततपासणी देते: 7 टक्के म्हणजे सरासरी शुगर साधारण 154, 9 टक्के म्हणजे 212. पण मधुमेहात हृदयालाही धोका असतो, आणि त्यासाठी तेवढंही बघणं पुरेसं नाही.

खरी फसगत होते ती एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉलच्या ओळीत. शेजारी छापलेली 'नॉर्मल'ची मर्यादा सगळ्यांसाठी सरसकट असते. एलडीएल 98 आला तर '100 च्या आत' म्हणून ना जास्त-कमीचा बाण येतो, ना ठळक अक्षर. पण मधुमेहासोबत बीपी, तंबाखू किंवा घरात हृदयविकार असं काही असेल, तर चाळिशीनंतर डॉक्टर हा आकडा 70 च्या आत ठेवायला बघतात. आधी अटॅक येऊन गेला असेल तर 55 च्या आत. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, 'माझ्यासाठी किती हवा?' आणि तो आकडा फाइलीवर पेनाने लिहून ठेवा.

दुसरी चूक त्यानंतरची. स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी घेऊन एलडीएल 65 वर आला की 'कोलेस्टेरॉल बरं झालं' असं समजून गोळी बंद होते. तो 65 गोळीमुळेच असतो. बंद केली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा चढतो. स्टॅटिनने शुगर किंचित वाढू शकते हे खरं आहे, पण अटॅक टळण्याचा फायदा त्याहून कितीतरी मोठा. अंग दुखत असेल तर गोळी परस्पर सोडू नका. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते.

चिठ्ठीवरचं 1-0-1 म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. दोन डॉक्टर असतील तर एकच औषध दोन वेगळ्या नावांनी पोटात जाण्याचा धोका असतो, कारण आपण पाकिटावरचं कंपनीने दिलेलं नाव वाचतो. औषधाचं खरं नाव त्याच्याजवळच छापलेलं असतं. घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स पिशवीत घालून दाखवायला न्या. डॉक्टरांसमोरून उठण्यापूर्वी 'ही शुगरची, ही बीपीची, ही हृदयासाठी' असं आपल्या तोंडाने सांगा. काही चुकलं असेल तर तिथेच कळेल.

वर्षातून एकदा लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची, म्हणजे एसीआरची तपासणी मागून घ्या. 30 च्या वर आकडा टिकून राहिला तर किडनीसोबत हृदयालाही धोका वाढलेला असतो. साध्या लघवी तपासणीत तो सुटू शकतो. बीपी बहुतेकांसाठी 130/80 च्या आत हवं. मोजताना पाच मिनिटं शांत बसा, पाय जमिनीवर टेकलेले, दंड उघडा आणि छातीच्या उंचीवर. त्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू-मिश्री नको.

आता सगळ्यात जिवावरची गोष्ट. बरीच वर्षं मधुमेह असला की हृदयाकडच्या नसाही बधिर होऊ शकतात. त्यामुळे अटॅक येतो, पण छातीत कळ येतेच असं नाही. अचानक धाप, दरदरून घाम, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात दुखणं, मळमळ, पायऱ्या चढवत नाहीत असा थकवा, एवढंच जाणवतं. बायकांमध्ये तर हे आणखी सहज दुर्लक्षिलं जातं. घरात 'गॅस झाला असेल' म्हणून ओवा किंवा सोडा दिला जातो आणि मोलाचे तास निघून जातात.

शुगर उतरल्यावरही घाम येतो. म्हणून ग्लुकोमीटर हाताशी असेल तर लगेच बघा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. शुगर खाली नसेल, किंवा साखर देऊनही त्रास थांबत नसेल, तर 108 ला फोन करा. मशीन शोधण्यात वेळ घालवू नका आणि पेशंटला बाइकवर बसवू नका. दवाखान्यात पहिलं वाक्य हेच हवं: 'डायबेटिस आहे, आधी ईसीजी काढा.' पहिला ईसीजी साफ येऊनही अटॅक असू शकतो, म्हणून ईसीजी पुन्हा काढतात आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन काही तासांच्या अंतराने तपासतात. तोवर पेशंटला बरं वाटू लागलं तरी घरी आणायची घाई करू नका.