तुम्ही विचारलंत म्हणून: कापलेल्या जागी मी काही का लावत नाही

नाही, मी कापलेल्या जागी काहीही लावत नाही. रंग नाही, मेण नाही, डांबर नाही. छाटणीचे दिवस आले की हा प्रश्न येतोच, आणि तो विचारण्याचा सूरही ठरलेला असतो: "अहो, एवढी झाडांची माया तुम्हाला, आणि फांदी तोडून जखम तशीच उघडी टाकता?" यात विचारणं कमी आणि ठपका जास्त, हे मला कळतं. आजवर "गरज नसते" एवढं बोलून मी विषय टाळला. ते खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं. पुरतं सांगायचं तर एका गुलमोहराबद्दल सांगावं लागतं आणि ते मला जड जातं, म्हणून टाळलं. आज सांगते.

आधी एक गोष्ट. "जखम" हा शब्द आपण झाडाला लावतो तो आपल्या कातडीवरून. बोट कापलं की मेलेल्या पेशींच्या जागी नव्या येतात, चार दिवसांत खपली पडते, बोट पहिल्यासारखं होतं. झाडाला ही सोय नाही. खोडात एकदा तयार झालेलं लाकूड आहे तिथेच राहतं. ते कुजलं तर त्याच जागी दुसरं लाकूड येत नाही. नवं लाकूड धरतं ते फक्त सालीच्या लगेच आतल्या कॅम्बियमच्या थरातून. हा थर इतका पातळ की साल सोलल्यावर बोटाला जो ओला, निसरडा स्पर्श होतो तेवढाच तो कळतो. तिथून दर वर्षी जुन्या लाकडावर नवं लाकूड चढत जातं. म्हणजे झाड जखम बरी करत नाही, कोंडून टाकतं. जे बिघडलं ते आत बंद करायचं आणि त्याच्या बाहेरून वाढत राहायचं, ही त्याची रीत.

हे नीट मांडलं अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी, 1970च्या दशकात. त्यांनी हजारो झाडं यांत्रिक करवतीने उभी चिरली आणि जुन्या जखमांपासून कुज कुठवर गेली आहे ते पाहिलं. तोवर लोक खोड आडवं कापून बघत, त्यात कुजेचा नुसता गोल डाग दिसे. उभं चिरल्यावर तिची सगळी वाट दिसली. 1977 साली त्यांनी जो नमुना मांडला त्यात झाड चार भिंती घालतं. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बुजवून वर-खाली घातलेली भिंत सगळ्यात कच्ची, म्हणून कुज खोडात लांबवर उभी धावते. गाभ्याच्या दिशेची आणि आजूबाजूची भिंत त्याहून बऱ्या. चौथी सगळ्यात पक्की. ती जखम झाल्यानंतर कॅम्बियम घालतो: जखमेच्या दिवसापर्यंतचं लाकूड आत, त्यानंतरचं बाहेर. ही चौथी भिंत लक्षात ठेवा.

आता गुलमोहर. बाबांनी लावलेला. त्याची एक फांदी, माझ्या मांडीएवढी जाड, गच्चीवर आली होती. गुलमोहराची पानं गळतात म्हणजे काय होतं ते ज्यांच्याकडे आहे त्यांना माहीत आहे. ती बारीक पिवळी पर्णिका झाडूत सापडत नाही, पाण्याबरोबर वाहत जाऊन गच्चीच्या पाइपाच्या तोंडाशी लगद्यासारखी बसते. दोन पावसाळे गच्ची तुंबली. 2002 साली मी ठरवलं, फांदी काढायची.

बाबा म्हणाले, "अगं, बोटभर खुंट ठेव. खोडाला धक्का लावू नकोस."

मी म्हटलं, "बाबा, खुंट मरतो आणि त्यातूनच कीड शिरते. खोडालगत सपाट कापायचं असतं."

मी वाचून बोलत होते. मला मिळालेल्या सगळ्या जुन्या पुस्तकांत तेच होतं: खोडाशी सपाट कापा, धार करून गुळगुळीत करा, वरून रंग द्या. पिढ्यान् पिढ्या माळी तसंच करत आले. तेव्हा माझी चूक झाली असं कुणी म्हणालं की आजही पहिलं तोंडावर येतं ते हेच: त्या वेळी सगळे असंच करत. आणि लगेच आठवतं, शायगोंचं काम तेव्हा पंचवीस वर्षं जुनं झालं होतं. सगळे असंच करत, यात मला हवे होते तेवढेच सगळे मी धरले होते.

मी करवत लावली ती फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर भागाच्या आतून. फांदीच्या बुडाशी अंगठीसारखी जी किंचित सूज असते, तिला कॉलर म्हणतात. ती खोडाची असते, फांदीची नव्हे. फांदी मेली किंवा मोडली तर कुजेला अडवण्याची तयारी झाडाने तिथेच करून ठेवलेली असते. मी ती तयारीच कापून टाकली. फांदी पाच इंच जाड होती, पण खोडालगत कापल्यामुळे जखम झाली नऊ इंच लांबीची, अंडाकृती, चांगली ताटाएवढी. मग पटाशीने कडा साफ केल्या, आदल्या वर्षी खिडक्यांना लावून उरलेला हिरवा तैलरंग दोन हात दिला. खाली उतरून मागे सरकून पाहिलं. इतकं नीटनेटकं काम माझ्या हातून क्वचित झालं असेल. त्या रात्री वहीत खोडाचा तिथला घेरसुद्धा लिहून ठेवला: 44 इंच. झाड किती वाढतं ते बघायचं होतं.

पुढची काही वर्षं सगळं मनासारखं दिसलं. जखमेच्या कडेने सालीचा जाड ओठ आला आणि आत सरकू लागला. दर पावसाळ्याआधी बाबा खुर्चीतून विचारायचे, "भरली का गं?" मी वर बघून सांगायचे, "भरत आलीय." 2009च्या सुमारास एकदा शिडी लावून बघितलं तर रंगाला भेगा होत्या, एका भेगेतून तपकिरी पाणी ओघळून सालीवर डाग पडला होता. मी बोटाने दाबलं. रंगाचा पापुद्रा आत दबला. मागे लाकूड नव्हतं, ओला भुसा होता. मी खाली उतरले आणि बाबांना म्हटलं, "भरत आलीय." 2011 साली बाबा गेले. त्यांना तेवढंच माहीत होतं.

हे मी तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं. मी तेव्हा काय करू शकले असते? खरं तर फारसं काही नाही. कुज खरवडून काढायला गेलं की चांगली भिंतही फुटते, म्हणून ते करू नये असंच आता सांगतात. म्हणजे न बोलल्याने झाडाचं काही वाकडं झालं नाही. मी स्वतःला हे बऱ्याच वेळा सांगितलं आहे. पण मी गप्प बसले ते झाडाच्या भल्यासाठी नव्हे, बाबांचं बरोबर ठरू नये म्हणून. आणि त्यांचंही पूर्ण बरोबर नव्हतं. खुंट ठेवला असता तर तोही वाळून कुजला असता. पण त्यांचा खुंट कॉलरच्या बाहेर राहिला असता. खोडाला धक्का लावू नकोस, हे त्यांचं वाक्य शब्दशः खरं होतं, आणि ते त्यांनी कुठे वाचलेलं नव्हतं.

2015च्या जून महिन्यात रात्री वाऱ्याने गुलमोहर मोडला. मुळातून नाही, बरोबर त्या जागी. कुणाला लागलं नाही. सकाळी उरलेलं खोड उतरवायला माणसं आली, तेव्हा मी त्यांना जखमेच्या थोडं खालून एक चकती कापून द्यायला सांगितली. ती अंगणात पालथी पडली होती, मी उलटवली. मध्ये तपकिरी, चुरा होणारा, ओल्या मातीचा वास येणारा गोल. त्याच्या कडेला पेन्सिलीने काढावी तशी काळसर रेघ. आणि रेघेच्या बाहेर सगळीकडून तीन बोटं जाडीचं फिकट, टणक, निरोगी लाकूड. इतकं स्वच्छ की नखाने ओरखडा उठेना.

मी सुतळी घेतली आणि त्या काळ्या रेघेवरून फिरवून मोजली. 42 इंच. मग घरात जाऊन वही काढली. 44 इंच, सालीसकट. साल वजा करा.

मी करवत लावली त्या दिवशी झाड जेवढं होतं, तेवढंच कुजलं होतं. त्यानंतरच्या तेरा वर्षांत त्याने जे घडवलं त्यात कुजेला एक रेघभरही शिरू दिलं नव्हतं. हीच ती चौथी भिंत. झाडाने आपलं काम चोख केलं होतं. फक्त तीन बोटांच्या नळीवर एवढा मोठा पसारा पेलायचा होता, आणि ज्या जागी नळीला माझ्या जखमेचं भोक होतं तिथे ती वाऱ्यात फुटली. वरच्या तुकड्यात माझा हिरवा रंग अजून होता, दोन्ही बाजूंनी आलेल्या लाकडाच्या ओठांत चिमटलेला. त्याच्या मागचं सगळं ओलं. रंग उन्हाने तडकतो, भेगेतून पाणी आत जातं आणि रंगामुळेच सुकत नाही. बुरशीला याहून चांगलं घर कुठलं?

म्हणून मी काही लावत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बागायतदार छाटणीनंतर बोर्डो पेस्ट लावतात ते काय वेडे आहेत? नाहीत. मोरचूद आणि चुना यांची ती पेस्ट ठरावीक बुरशीजन्य रोगांना रोखायला असते, जखम भरावी म्हणून नव्हे. ओक वृक्षांचा एक रोग ताज्या जखमेवर बसणारे भुंगेरे पसरवतात, तिथे त्या हंगामात रंग लावायलाच सांगतात. कारण ठाऊक असेल तर लावा. कातडीवर मलम लावतो त्या भावनेने लावू नका, एवढंच माझं म्हणणं.

दुसरा आरोप निर्दयपणाचा. जास्वंदीचे, गुलाबाचे, तुळशीचे शेंडे मी सर्रास खुडते, हे पाहून काहींना वाईट वाटतं. त्याबद्दल मला जराही अपराधी वाटत नाही. शेंड्यात ऑक्झिन हे संप्रेरक तयार होऊन खाली उतरतं, आणि ते उतरतंय तोवर खालचे डोळे, म्हणजे ज्यांतून नवे फुटवे यायचे ते कोंब, झोपून राहतात. थिमन आणि स्कूग या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1930च्या दशकात शेंगवर्गीय रोपाचा शेंडा कापून त्या जागी ऑक्झिन ठेवून पाहिलं, तर शेंडा नसतानाही डोळे दबूनच राहिले. पुढे कळलं की एवढ्यावर भागत नाही. मुळाकडून वर येणारी संप्रेरकं त्यात असतात, आणि शेंडा गेल्यावर मोकळी झालेली साखर डोळ्यांपर्यंत पोचते तेव्हा ते जागे होतात. काही असो, कोवळा शेंडा खुडणं आणि मांडीएवढी फांदी तोडणं या दोन गोष्टींना आपण "छाटणी" हा एकच शब्द वापरतो, आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो. पहिलीत लाकूड जवळजवळ नसतंच.

"पण दुखत असेल ना त्याला?" हा प्रश्न मात्र मी झटकत नाही. जगदीशचंद्र बोस यांनी वनस्पतींमधले विद्युत संदेश मोजले होते. 2018 साली एका छोट्या मोहरीकुळातल्या रोपावर दाखवलं गेलं की पान कुरतडलं की कॅल्शियमची लाट सेकंदाला साधारण एक मिलिमीटर वेगाने दुसऱ्या पानांपर्यंत जाते आणि ती पानं बचावाची तयारी करू लागतात. झाडाला कळतं, यात शंका नाही. मज्जातंतू नाहीत, मेंदू नाही, म्हणून "दुखतं" हा शब्द मी वापरत नाही. पण त्या चकतीवरची काळी रेघ पाहिल्यापासून "काही होत नाही त्याला" असंही माझ्या तोंडून निघत नाही.

तुमच्या फांदीचं विचारलंत. मनगटाहून बारीक असेल तर निर्धास्त काढा. बेचक्यातली सालीची सुरकुती आणि बुडाची सूज पाहून घ्या, दोन्हीला न दुखवता त्यांच्या लगेच बाहेरून कापा. जड असेल तर आधी हातभर अंतरावर खालून खाच द्या, मग वरून कापून वजन उतरवा, नाहीतर साल खोडापर्यंत सोलत येते. मग उघडं राहू द्या.

जाड असेल तर मला विचारू नका, असं म्हणावंसं वाटतं. नियम मला पाठ आहेत. पण गुलमोहर ठिसूळच, फांदी नीट कापली असती तरी तो मोडला नसता असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि पाइपाच्या तोंडाला एक जाळी बसवली असती तर फांदी कापावीच लागली नसती, हे मला तेव्हा सुचलं नाही की सुचूनही सोयीचं वाटलं नाही, तेही आता आठवत नाही. सध्या बकुळीची एक फांदी भिंतीला घासते आहे, माझ्या दंडाएवढी. गेल्या महिन्यात दोनदा शिडी लावली, कॉलर कुठून सुरू होते ते खडूने आखलंही. खडू पहिल्या पावसात धुऊन गेला. करवत अजून खुंटीवरच आहे.